पाटीवर काय लिहायचं: एका गावइतिहास संस्थेतल्या प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५

हिवाळ्यानंतर आज संस्थेची खोली उघडली. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या या गावाची जुनी शाळा, तिच्या वरच्या मजल्यावर आम्ही. आत बाहेरपेक्षा जास्त थंडी. मेलेल्या माश्या झाडल्या, दमट हवा मोजायचा काटा पाहिला, खोक्यांना उंदीर लागला नाही याची खात्री केली. निम्मं इतिहाससंशोधन हेच असतं.

या राज्यात ३५१ शहरं-गावं आहेत आणि जवळपास प्रत्येकाला आपली अशी एक संस्था. राज्याची मोठी संस्था १७९१ ची, ती देशातली सगळ्यांत जुनी. आमच्यासारख्या लहान संस्था म्हणजे दहा-बारा निवृत्त माणसं, एक चहाची किटली आणि कुलपाच्या तीन किल्ल्या, त्यातली एक नेहमी हरवलेली.

या वर्षीचं काम असं: हमरस्त्यावरची लाकडी पाटी कुजली आहे. जुलै २०२६ मध्ये देशाला २५० वर्षं होतील, त्याच्या आत नवी बसवायची. जुन्या पाटीवरचा मजकूर मराठीत सांगायचा तर, ‘घनदाट अरण्यात पहिल्या धाडसी वसाहतकारांनी हे गाव वसवलं.’ मला मजकूर तपासायला सांगितलंय. कारण एवढंच की जुनं हस्ताक्षर मला वाचता येतं. मोडी शिकलेली बाई म्हणून माझी इथे उगाच ख्याती आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गाला बसले होते, त्याचा उपयोग इतक्या लांब होईल असं वाटलं नव्हतं.

१२ एप्रिल

सतराव्या शतकातल्या दस्तांच्या छायाप्रती घेऊन बसले. मोडीइतकं अवघड नाही. मोडीत शब्द कुठे संपतो तेच कळत नाही, इथे निदान मधे जागा सोडलेली असते. पण ‘द’ आणि ‘थ’च्या मधल्या उच्चाराचं एक जुनं अक्षर वायसारखं दिसतं. त्यामुळे नवखे स्वयंसेवक इंग्रजी ‘द’ (the) या शब्दाच्या जागी ‘यी’ (ye) वाचतात आणि मग सगळं गाव नाटकात असल्यासारखं बोलू लागतं.

खरा घोळ तारखांचा. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या नोंदींना दोन वर्षं लावतात. जवळच्या डीअरफील्ड गावावरचा प्रसिद्ध हल्ला २९ फेब्रुवारी १७०३/४ चा. फ्रेंचांच्या पंचांगात तोच दिवस ११ मार्च १७०४. हे मी समजावू लागले की मंडळी कंटाळतात. शिवजयंती तारखेनं की तिथीनं, आणि मुळात कोणत्या शकात, यावर ज्यांनी घरात भांडणं ऐकली आहेत त्यांना कंटाळा येणार नाही.

३ मे

दिवसभर दफनभूमीत. दगड धुण्याचे नियम पुन्हा लिहून ठेवते, कारण गेल्या वर्षी एका उत्साही गृहस्थानं घरून ब्लीच आणलं होतं. ब्लीच नाही. तारेचा ब्रश नाही. प्रेशरचं पाणी तर अजिबात नाही. आधी बोटानं टकटक करून दगड आतून पोकळ वाजतो का ते ऐकायचं. पोकळ वाजला तर हात लावायचा नाही. मग साधं पाणी, भरपूर. मऊ नायलॉनचा ब्रश, दगडफुलासाठी लाकडी पट्टी. त्यानंतर शेवाळावरचं औषध फवारून सोडून द्यायचं. दगड त्याच दिवशी उजळत नाही, पुढचे काही महिने पाऊस आणि ऊन ते काम करतात. रात्री गोठणार असेल तर त्या दिवशी धुणंच रद्द.

आज सतरा दगड झाले. दोन पोकळ निघाले, त्यांना फीत बांधली.

१७ मे

डीअरफील्ड. आमच्यासह आजूबाजूची बरीच गावं अठराव्या शतकात त्यातूनच वेगळी झाली, म्हणून आमच्या पाटीची मुळं तिथेच शोधावी लागतात.

जुन्या दफनभूमीत गवताचा उंचवटा आहे. वरचा दगड सांगतो की १७०४ च्या हल्ल्यात मेलेली ४८ माणसं इथे एकत्र पुरली. सुमारे ३०० वस्तीचं गाव. पहाटे फ्रेंच आणि त्यांच्याबरोबरचे अबेनाकी, मोहॉक, वेंडाट या मूळ समाजांतले, असे अडीचशे-तीनशे लोक, बर्फाच्या ढिगावरून कुंपण चढून आत आले. ११२ माणसांना धरून कॅनडापर्यंत चालवत नेलं, जवळजवळ ५०० किलोमीटर. पाद्री जॉन विल्यम्सची बाळंतीण बायको दुसऱ्याच दिवशी वाटेत मारली गेली. तिच्या थडग्यावर ती ‘रानटी शत्रूच्या क्रोधाला’ बळी पडली असं कोरलंय. त्यांची सात वर्षांची यूनिस कॅनडातच राहिली. कानावाकेतल्या मोहॉक कुटुंबात वाढली, तिथेच लग्न केलं. पुढे माहेरच्यांना भेटायला नवऱ्याबरोबर येऊन गेली, पण राहिली नाही. बापानं जन्मभर प्रयत्न केले. १७८५ मध्ये वारली.

मग संग्रहालय. पोकमटक व्हॅली मेमोरियल असोसिएशन ही १८७० ची संस्था, जॉर्ज शेल्डन या गृहस्थानं उभी केलेली. १८८० पासून जुन्या शाळेच्या विटांच्या इमारतीत तिचं संग्रहालय आहे. तिथलं दैवत म्हणजे एक दार. शेल्डनच्या पूर्वजाच्या घराचं. ओकच्या फळ्या, त्यावर गच्च ठोकलेले खिळे आणि मधोमध १७०४ मध्ये कुऱ्हाडीनं पाडलेलं भोक. ते घर १८४८ मध्ये पाडलं. वाचवायची खटपट गावानं केली होती, जमली नाही. दार मात्र उरलं, १८६३ मध्ये शंभर डॉलरला बाहेरगावच्या एका डॉक्टरला विकलं गेलं आणि १८६८ मध्ये परत आलं. घर गेल्याची हळहळ लागली तेव्हा कुठे संस्था निघाली. आपल्याकडे वाडा पडल्यावरच दिंडी-दरवाजाचे फोटो निघतात, त्यातलाच प्रकार.

पण मी गेले होते संगमरवरी पाट्या बघायला. शेल्डनच्या काळात मेलेल्यांची आणि पळवलेल्यांची नावं भिंतीवर कोरून बसवली. मेरी फील्ड या मुलीबद्दल त्यात म्हटलं होतं, तिनं एका रानट्याशी लग्न केलं आणि ती स्वतःही रानटी झाली. संस्थेनं दगड फोडला नाही, काढलाही नाही. त्यावर नवा मजकूर बसवला: सहा वर्षांची मेरी, मोहॉक कुटुंबानं दत्तक घेतली, वालाहोवी हे नाव ठेवलं, लग्न करून ती त्याच समाजात राहिली. घटना तीच. फक्त शिवी गेली आणि वय आलं. वय आल्याबरोबर ती मुलगी माणूस वाटायला लागली. मी वहीत दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी उतरवून घेतली.

१९ मे

संध्याकाळी टर्नर्स फॉल्सला धबधब्यापाशी उभी होते. १९ मे १६७६ च्या पहाटे इंग्रज कॅप्टन विल्यम टर्नरच्या माणसांनी इथे मासेमारीसाठी जमलेल्या मूळ लोकांवर हल्ला केला. मेलेल्यांत बायका, मुलं, म्हातारे जास्त. परतीच्या वाटेवर टर्नरही मारला गेला, आणि धबधब्याला नाव त्याचंच पडलं. २००४ मध्ये याच तारखेला गावच्या प्रतिनिधींनी आणि नॅरागान्सेट या मूळ समाजाच्या लोकांनी इथे एकत्र समेटाचा विधी केला. आज पाणी भरपूर होतं. एक बाई कुत्रा घेऊन फिरत होत्या. आणखी काही नाही.

१४ जून

आजचा दिवस कामी आला.

आधी प्रश्न असा होता की डीअरफील्डची जमीन वसाहतीकडे आली कशी. त्याचं उत्तर बॉस्टनजवळच्या डेडहॅममधून निघतं. जॉन एलियट या धर्मोपदेशकानं ख्रिस्ती झालेल्या इथल्या मूळ लोकांसाठी १६५१ मध्ये नेटिक वसवलं. ती जमीन डेडहॅम आपली समजत होतं. खटले झाले. शेवटी सरकारनं डेडहॅमला भरपाई म्हणून दुसरीकडे ८,००० एकर द्यायचं ठरवलं, आणि ते मोजले गेले इथे, पोकमटक लोकांच्या खोऱ्यात. म्हणजे एकीकडे मूळ लोकांना जागा दिली म्हणून दुसरीकडे मूळ लोकांचीच जागा घेतली. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हे अंकगणित नवं नाही.

तरी कागदावर खरेदी लागायचीच. ती केली स्प्रिंगफील्डचा कातड्यांचा व्यापारी जॉन पिंचन यानं, डेडहॅमच्या वतीनं. १६६७ चं एक खरेदीखत चौक नावाच्या सेचमनं, म्हणजे मूळ लोकांच्या प्रमुखानं, दिलेलं आहे. (सेचमला ‘पाटील’ म्हणायचा मोह आवरते. पाटलाकडे वतन असतं आणि वर सरकार असतं. इथे तसं नव्हतं.) आणखी एक खत १६७२ चं, माशालिस्क नावाच्या बाईचं, मुलाच्या कर्जापायी लिहून दिलेलं. कर्ज अर्थातच पिंचनकडचं.

चौकचं खत शेल्डननं आपल्या गावइतिहासात छापलेलं आहे, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते सगळ्यांच्या कपाटात आहे. मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. जमीन दिली, सीमा सांगितल्या, आणि मग: नद्यांत आणि पाण्यात मासे धरण्याची मोकळीक आमच्या लोकांना राखून. हरणं आणि इतर वन्य जनावरांची शिकार राखून. आणि गायरानात अक्रोड, चेस्टनट व इतर कवचाची फळं वेचण्याचा हक्क राखून.

अक्रोड वेचण्याचा हक्क! खरेदीखतात!

‘घनदाट अरण्य’ इथेच संपलं. अरण्य होतं तर विकत कुणाकडून घेतलं? आणि हे लोक नुसते फळं वेचून खाणारेही नव्हते. १६३८ मध्ये खाली कनेक्टिकटमधल्या इंग्रजांवर उपासमारीची वेळ आली, तेव्हा याच पोकमटकांनी ५० होड्या भरून मका पाठवला. नदीकाठची काळी, म्हणजे शेतजमीन, आधीच कसलेली होती. इंग्रजांनी आणली ती आपली पांढरी, म्हणजे गावठाण.

१५ जून

सकाळी साताऱ्याला काकांना फोन. त्यांचं वय एक्याऐंशी, मोडी अजून चष्म्याशिवाय वाचतात म्हणे. त्यांना खत वाचून दाखवलं, मराठी करत करत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, यात नवल काय? आपल्या इनामपत्राची नक्कल काढ. शेवटची ओळ बघ.”

काढली. फोनमध्ये फोटो होताच. ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून.’

लहानपणापासून ही ओळ मंत्रासारखी ऐकली आहे. माझं लक्ष नेहमी पहिल्या भागाकडे असायचं: पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं दिलं. काका म्हणाले, “सगळं कुठलं? ‘खेरीज’ वाच की. ज्याचे हक्क आधीपासून आहेत ते सोडून. राजानं गाव दिलं तरी गुरवाचा आंबा गुरवाचाच. तुझ्या त्या चौकानंही ‘खेरीज’च लिहिलंय. फरक इतकाच की आमच्याकडे देणारा लिहायचा आणि हक्कदार दारात उभा राहून भांडायचा. त्यांच्याकडे लिहून कोणी घेतलं?”

“पिंचननं. इंग्रजीत.”

“मग झालं. कलम त्याच्या हातात. तरीही खेरीज लिहिलं ना? म्हणजे समोरचा बसून अडला असणार. त्याशिवाय कुठला व्यापारी असलं कलम घालतो?”

हे कागदावरून सिद्ध होणार नाही. पण काकांनी आयुष्यभर तलाठी कचेरीत खरेदीखतं पाहिली आहेत. पाटीवर ‘खेरीज’ यायलाच हवं असं मनात पक्कं झालं. फोन ठेवताना काकांनी विचारलं, “आणि वेचू दिलं का पुढं?”

खतानंतर आठ वर्षांनी इंग्रज आणि मूळ लोकांत युद्ध पेटलं. सप्टेंबर १६७५ मध्ये धान्याच्या गाड्या घेऊन निघालेल्या इंग्रजांवर ब्लडी ब्रुकपाशी छापा पडला आणि गाव ओस पडलं. पुढच्या मे महिन्यात धबधब्यावरची ती पहाट. त्यानंतर अक्रोडांबद्दल कोण कुणाला विचारणार.

१२ जुलै

समितीची बैठक. अडीच तास, त्यातला पाऊण तास पार्किंगवर.

माझा मसुदा: ‘पहिले’ काढायचं, ‘अरण्य’ काढायचं, पोकमटकांचं नाव आणि खतातलं राखीव कलम घालायचं. एका सदस्यानं म्हटलं, पाटीवर कायद्याची कलमं कोण वाचणार, गाड्या साठच्या वेगानं जातात. रास्त आहे.

ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या एक ज्येष्ठ सदस्य मात्र दुखावल्या. त्यांचे पूर्वज इथल्या जुन्या यादीत आहेत. म्हणाल्या, “माझ्या घरातली मुलंही त्या बर्फातून चालत नेली. ती काय खोटी झाली? आता आमची नावं पुसायची का?” कोणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. त्यांचं खोटं नव्हतंच. या कामातली अडचणही तीच. जुन्या गावइतिहासांची एक ठरलेली रीत आहे: पहिलं घर, पहिली गिरणी, पहिलं गोरं मूल, आणि मग कुठल्या तरी प्रकरणाच्या शेवटी ‘शेवटचा इंडियन’, म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी. पहिल्यांची यादी खरी असते, शेवटचा मात्र बहुधा शेवटचा नसतो. १८३७ च्या ऑगस्टमध्ये यूनिस विल्यम्सचे वंशज म्हणवणारे अबेनाकी लोक डीअरफील्डला येऊन तळ ठोकून राहिले, चर्चमध्ये बसले, आणि पाद्रीबुवांनी त्यांच्यादेखत प्रवचन दिलं. ते प्रवचन छापलेलंही आहे. म्हणजे नातेवाईक भेटायला आले होते.

हे सांगितलं. बाई गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे ते आमचेही लांबचे पाहुणे.” निर्णय पुढच्या बैठकीवर.

९ ऑगस्ट

कामाशी थेट संबंध नाही, पण लिहून ठेवते. कपाट आवरताना ‘मिशनरी हेरल्ड’चे बांधीव अंक सापडले, बॉस्टनचं मासिक. त्यात मुंबईची आणि अहमदनगरची पत्रं. इथूनच जवळच्या टॉलंड गावचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ त्याच्यापासून. मराठी शिकला, मराठीत उपदेश करत गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये तिकडेच पटकीनं वारला. या डोंगरांतल्या शेतकऱ्यांनी माझ्या आजोळच्या नगरविषयी चुलीपाशी बसून वाचलेलं असणार. तासभर वाचत बसले. कपाट तसंच राहिलं.

२० सप्टेंबर

तिसरी बैठक, मजकूर ठरला. पोकमटक आणि अबेनाकी इतिहास जाणणाऱ्या, अबेनाकी समाजातल्याच एका अभ्यासकानं मसुदा वाचून दिला. एकच दुरुस्ती, पण महत्त्वाची: ‘पोकमटक इथे राहत होते’ या वाक्यात ते वारल्यासारखे वाटतात. त्यांची कुळं अबेनाकी आणि इतर समाजांत मिसळली, ती आहेत. मग वाक्य झालं, ‘हे पोकमटकांचं मूळ स्थान आहे.’ क्रियापद बदललं, एवढंच.

कुटुंबांची नावं राहिली. ‘पहिले’ गेलं. इंग्रजी वस्ती कधी आली, ते साल राहिलं. आणि शेवटच्या ओळीत: ‘१६६७ च्या खरेदीखतानं मासेमारी, शिकार आणि कवचफळं वेचण्याचा हक्क मूळ लोकांकडे राखला.’ साठच्या वेगानं जाणाऱ्यांना वाचता येणार नाही, म्हणून पाटी हमरस्त्यावरून हलवून शाळेच्या फाटकापाशी लावायची. पार्किंगचा प्रश्नही त्यात सुटला.

मतदान सातास दोन. ज्येष्ठ बाईंनी बाजूनं दिलं.

११ ऑक्टोबर

शाळेच्या मागे काळ्या अक्रोडाचा सडा पडलाय. हिरव्या साली काढताना बोटं काळी होतात ती आठवडाभर जात नाहीत. चेस्टनट मात्र एकही नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा दिसलेल्या बुरशीनं पुढच्या काही दशकांत या देशातली चेस्टनटची झाडं संपवली. मुळातून कोंब अजून फुटतात, मोठे झाले की मरतात. चौकनं राखून ठेवलेल्या हक्कांपैकी हा एक असा आहे की आज कुणी मान्य केला तरी वेचायला काही नाही.

हे बोलता बोलता बाईंना सांगितलं होतं. आज त्यांचा नातू पिकअपमध्ये एक फळी घेऊन आला. पडलेल्या कोठाराची, आजोबांच्या वेळची. चेस्टनट. पाटीच्या चौकटीला वापरा म्हणाल्या.

१ नोव्हेंबर

सुताराकडून निरोप. फळीत खिळ्यांची भोकं फार, दोनच बाजू निघतील. वरची आणि खालची चेस्टनटची करतो, उभ्या दोन ओकच्या. रंग वेगळा दिसेल, चालेल का?

चालेल म्हणून कळवलं. जमीन गोठायच्या आत खांबांचे खड्डे खणायचे आहेत. फावडं कुणाकडे आहे ते विचारायचं. तिसरी किल्ली अजून सापडलेली नाही.